पेटीवर ‘१३+१’ छापणाऱ्यास

तुला ‘सप्रेम नमस्कार’ लिहिणार नाही. प्रेम नाही, आणि नमस्कार करायचा कोणाला तेही ठाऊक नाही. तुझं रील ज्या पेटीत आलं तिच्यावर उडी मारणारा मासा आहे, सोनेरी अक्षरांत ‘१३+१ बॉल बेअरिंग’ आहे, ‘मॅक्स ड्रॅग १२ किलो’ आहे. पण तुझं नाव नाही, गाव नाही, फोन नाही. म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या पोरांच्या हातात तुझी पेटी पडली असेल त्यांनी ते वाचावं. फिरत फिरत तुझ्यापर्यंत आलं, तर तूही वाच.

मी मोटारी बांधणारा मिस्त्री आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या, केळीच्या बागांतल्या जळालेल्या मोटारी माझ्या ओट्यावर येतात. तीस वर्षं बेअरिंग ठोकून काढली आणि ठोकून बसवली. त्यामुळे तू नेमका चुकीच्या घरात खोटं बोललास. आमच्या शेतकऱ्याची पाच एचपीची मोनोब्लॉक मोटार भर उन्हाळ्यात दिवसाचे आठ-आठ तास पाणी ओढते. तिच्यात बॉल बेअरिंग किती? दोन. बोअरमध्ये शेकडो फूट खाली उतरणाऱ्या पाणीभरल्या सबमर्सिबलमध्ये तर गोळ्यांची बेअरिंग नसतातच. बुश असतात आणि खाली सगळा भार झेलणारं थ्रस्ट बेअरिंग असतं. ती वर्षानुवर्षं चालते. आणि मुठीत मावणाऱ्या तुझ्या रीलला चौदा लागतात?

माझा पुतण्या धुळ्याला आयटीआयला आहे. लग्नसराईत वाढप्याचं काम करून त्याने पैसे साठवले आणि तुझं रील १,८९९ रुपयांना घेतलं. चार दिवसांची मजुरी झाली ती. दुकानात दोन रीलं समोर होती. दुसऱ्यावर ‘३+१’ लिहिलेलं होतं आणि किंमत हजारभराने जास्त. पोराने सरळ हिशेब केला: कमी पैशांत दहा बेअरिंग जास्त. या हिशेबात त्याची चूक नव्हती. त्याच्यासमोर आकडा कोणी ठेवला, तू ठेवलास.

महिनाभर तो पांझरेच्या काठी नुसता फेक शिकत होता. गळाच्या जागी नट बांधायचा आणि समोरच्या दगडाशेजारी तो पाडायचा. बेलची तार उघडायची, दोरी बोटावर धरायची, काठी पुढे आली की बोट सोडायचं. दिवाळीच्या सुट्टीत जळगावला आला तेव्हा त्याचा नट दहापैकी आठ वेळा हव्या त्या जागी पडत होता. ही मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून एवढा राग आहे.

आम्ही वाघूरच्या फुगवट्यावर गेलो. वाघूर तुला माहीत असण्याचं कारण नाही. अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घालून येणारी ही नदी; तिच्यावरच्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. धरणातली मासेमारी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, म्हणून आधी संस्थेच्या लोकांना भेटून परवानगी घेतली. पाणी चढलेलं होतं, काठच्या बाभळी कमरेपर्यंत बुडलेल्या होत्या, मधे मधे पाणगवत. मरळीची जागा.

तुझ्या पेटीवरचा हिरवट मासा मरळ नाही. तो अमेरिकेतला लार्जमाउथ बास. आमच्या तापी-गिरणेत तो नाही. पोरं मात्र फोनवर त्याचेच व्हिडिओ पाहून शिकतात, आणि त्यात वावगं काही नाही, कारण दोघांची चाल सारखी आहे. दोघेही गवताच्या, झुडपांच्या सावलीत दबा धरून बसतात, बेडूक-मासोळी जवळून गेली की एकदम झडप घालतात आणि गळ लागला की पुन्हा झुडपात शिरतात. मरळीला वरून हवाही लागते. थोड्या थोड्या वेळाने ती पाण्यावर येऊन घुटका घेते, आणि जाणता माणूस त्या एका बुडबुड्यावरून तिची जागा ओळखतो. म्हणजे बाससाठी जे रील चालेल ते मरळीलाही चालावं: २५०० मापाचं, फार तर ३०००. झडप बसल्यावर पहिले दहा सेकंद त्या रीलने दगा देऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

तुझ्या रीलने सहा सेकंद साथ दिली.

रबरी बेडूक गवताच्या कडेला पडला, दोन वेळा हलला आणि पाणी फुटलं. काठी वाकली. पुतण्या ओरडला, ‘‘काका, मोठी शे!’’ मी ड्रॅगचा आवाज यायची वाट पाहत होतो. मासा ओढायला लागला की ड्रॅगने दोरी सोडली पाहिजे, मागे हटत हटत त्याला दमवलं पाहिजे. तो आवाज आलाच नाही. स्पूल अडकून राहिलं, मग एका झटक्याने सुटलं, पुन्हा अडकलं. पोराने हँडल फिरवलं तर आत कडकड झाली आणि हँडल मोकळं फिरायला लागलं. मग दोरी तुटली. तीही गळापाशी तुटली नाही, काठीच्या टोकाजवळ तुटली. म्हणजे ती मरळ जबड्यात गळ, गळाला बेडूक आणि मागे तीस-चाळीस फूट दोरी घेऊन बाभळीच्या मुळांत गेली.

शेजारी एक म्हातारे भोईबाबा बसले होते. त्यांच्याकडे प्लास्टिकची बाटली, तिच्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गळ. त्यांनी विचारलं, ‘‘तुटनी का रे, भो?’’ पोराने मान हलवली. ते पाण्याकडे बघत म्हणाले, ‘‘आते ती मरी.’’ पुतण्या त्या संध्याकाळी जेवला नाही. मासा हुकल्याचं दुःख असतं, ते दुसऱ्या दिवशी जातं. हे तसलं नव्हतं. मारायचा तर हातात घेऊन मारावा, सोडायचा तर गळ काढून सोडावा. बाभळीला दोरी अडकून आठवडाभर तडफडत मरायला कोणी माशाला गळ लावत नाही. ती दोरी पुढे काय करते तेही ऐक. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे उतरतात, वाघूरवरही उतरतात. पाण्यातली मोकळी दोरी त्यांच्या पायांना गुंडाळते. कुजायला तिला वर्षानुवर्षं लागतात.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तुझं रील खोललं. बॉल बेअरिंग निघाली तीन. उरलेल्या जागी प्लास्टिकचे बुश होते, आणि दोन ठिकाणी तर नुसत्या चकत्या. तू बहुधा चकत्याही मोजल्यास. मुख्य गिअरचे चार दाते साफ गेले होते. ते चाक जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव होतं. नुसतं ओतीव जस्त म्हणून मी नाक मुरडणार नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या स्वस्त रीलांतही तसंच चाक असतं आणि वर्षानुवर्षं चालतं. पण तिथे पिनियनचे दाते मुख्य चाकाच्या दात्यांत पूर्ण बसवलेले असतात. तुझे दाते निम्मेच एकमेकांना भेटत होते. सगळा भार टोकांवर, आणि टोकं मोडली. माझ्याकडे पोरगा नवीन कामाला लागला की मी त्याला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो: शाफ्टची रेष सरळ आहे का बघ, बेअरिंग नंतर.

ड्रॅगमध्ये तीन चकत्या, त्यांच्यामधे पातळ फेल्ट. फेल्टला ग्रीस लावायला हवं होतं, तू लावलं नाहीस. कोरडा फेल्ट धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. ‘मॅक्स ड्रॅग १२ किलो’ हा आकडा तू कुठून आणलास? आपल्या दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावायचा असतो. नऊ किलोची दोरी असेल तर ड्रॅग अडीच-तीन किलोला सुटला पाहिजे. एवढ्या रीलवर मरळीला त्याहून जास्त सहसा लागत नाही. म्हणजे अशा रीलवर बारा किलोंचं काही कामच नाही. लागतं ते एवढंच की अडीच किलोवर तो अलगद सुटावा आणि सुटतच राहावा. ते कर्म कठीण आहे, त्याला चांगली चकती आणि सपाट घासलेलं स्टील लागतं. बारा हा आकडा छापायला फक्त शाई लागते.

आता त्या भोईबाबांच्या बाटलीकडे ये. ते बाटलीचं बूड पाण्याच्या दिशेने धरतात, शिसं गरागरा फिरवून फेकतात, आणि तंगूस बुडावरून वेटोळ्यावेटोळ्याने सुळकन सुटतो. बाटली फिरत नाही. ड्रॅग म्हणजे त्यांची दोन बोटं. स्पिनिंग रीलमध्ये नेमकं हेच आहे: स्पूल स्थिर, दोरी कडेवरून सुटते, परत ओढताना स्पूलभोवती फिरणारा रोटर ती गुंडाळतो. या युक्तीचं पेटंट १९०५ साली इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थने घेतलं. तो लोकरीच्या गिरण्यांच्या धंद्यातला माणूस होता. कांडीवरून सूत कसं सुटतं हे ज्याने रोज पाहिलं, त्यालाच हे सुचणार. आमच्या जळगावातही गिरणी होती, अमळनेरात होती, धुळ्यात होती. त्या गिरण्यांत राबलेल्या एखाद्या आजोबांच्या हातात स्पिनिंग रील दे, ते एका मिनिटात सांगतील की कांडीची कड खरखरीत असली तर सूत तुटतं. तुझ्या स्पूलची कड माझ्या नखाला टोचली.

तुला वाटत असेल, दोन हजारांत काय मिळणार? हेच मला खोडून काढायचं आहे. चांगलं रील महाग असतं असं म्हणून तू सुटू शकत नाहीस. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम २ जून १९३२ चा आहे. जॉर्जियातल्या एका तळ्यात जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या गरीब शेतकरी तरुणाने साध्या, स्वस्त सामानावर २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वर मासा काढला. मंदीचे दिवस होते, वजन करून घरच्यांनी तो खाल्ला. पुढे २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्या विक्रमाची बरोबरी केली, तोवर ७७ वर्षं कोणी तिथपर्यंत पोचलं नव्हतं. गरिबाच्या हातातलं स्वस्त सामान प्रामाणिक असू शकतं. तुझं नव्हतं, याला किंमत कारण नाही, तू कारण आहेस.

खोललेलं रील पोत्यात घालून मी पुतण्याबरोबर पुन्हा बाजारात गेलो. या खेपेला पेटी वाचलीच नाही. जे केलं ते सांगतो, म्हणजे पुढचं पोरगं तुझ्या तावडीतून सुटेल.

रीलचा पाय डाव्या हाताच्या बोटांत धरला आणि हँडल मागेपुढे, वरखाली हलवलं. खडखड वाजलं ते बाजूला ठेवलं. ज्याचं हँडल गिअरच्या पोटात आट्यांनी थेट बसतं ते जास्त घट्ट असतं. आरपार बोल्ट घालून दुसऱ्या बाजूने कसायचं असतं त्यात ढिलाई लवकर येते. मग हँडल अगदी सावकाश फिरवलं. जोरात फिरवलं तर कुठलंही रील गुळगुळीत वाटतं, दुकानदार म्हणूनच जोरात फिरवून दाखवतो. सावकाश फिरवलं की दाते बोलतात.

ड्रॅगसाठी मी घरून कापूस तोलायचा छोटा स्प्रिंगचा काटा नेला होता. दुकानदार हसला नाही, उलट कौतुकाने बघत होता. दोरी काट्याला बांधून ओढली. सुरुवातीला काटा किती वर जातो आणि सुटल्यावर किती खाली येतो यातला फरक बघायचा. फरक थोडा, तो ड्रॅग चांगला. एका रीलमध्ये काटा अडीच किलोवर चढला, स्पूल सुटलं आणि काटा जवळजवळ तिथेच राहिला. तेच घेतलं.

त्याआधी एक गोष्ट आणखी पाहिली, आणि माझ्या मते सगळ्यात आधी पाहायची तीच: बेलच्या टोकाचा दोरीखालचा छोटा रोलर. ताणलेल्या दोरीखाली तो फिरतो की दोरी त्याच्यावरून नुसती घासत जाते? तो अडकला तर विणलेली दोरी त्याच्यात खाच पाडते आणि मग ती खाच दोरी कापते. एक बेअरिंग कुठे हवंच असेल तर ते इथे. तुझ्या रीलमध्ये नेमकं इथे प्लास्टिक होतं.

आम्ही घेतलं ते शिमानोचं सिएना, २५०० मापाचं. त्यातल्या बेअरिंगची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजून होते. या कंपनीने १९२१ मध्ये ओसाकाजवळच्या साकाईत सायकलचे फ्रीव्हील बनवण्यापासून सुरुवात केली. फ्रीव्हील म्हणजे एका बाजूला फिरणारं, दुसऱ्या बाजूला धरणारं चाक, आणि रीलमध्ये हँडल उलटं न फिरू देणारा भागही त्याच जातीचा. दायवाचं, ओकुमाचं या किमतीचं रीलही मी हातात घेऊन पाहिलं, तीही कामाची होती. यातलं कुठलंही घेतलं असतं तरी मला झोप लागली असती. निवड मी केली ती सुट्या भागांवरून. दुकानदाराने स्पूल मागवता येईल, हँडल मागवता येईल, असं सांगितलं आणि कागदावर नंबर लिहून दिला. माझ्या धंद्यात जी मोटार पुन्हा बांधता येत नाही ती मी शेतकऱ्याला घेऊ देत नाही.

मग दोरी भरली. आधी स्पूलवर थोडा साधा तंगूस, त्यावर विणलेली दोरी, नाहीतर ती स्पूलवर सगळीच्या सगळी घसरते आणि माणूस ड्रॅगला दोष देतो. कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवली. फेकल्यावर बेल हाताने बंद करायची सवय पुतण्याला लावली. हँडल मारून बंद केली की पीळ पडतो आणि स्प्रिंगही मरते. मासेमारी झाली की ड्रॅग सैल सोडायचा, रोलरवर तेलाचा एक थेंब. आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा रील पत्र्याखाली टांगायचं नाही, ग्रीस पातळ होऊन ड्रॅगच्या बाहेर येतं. आमच्या काळ्या मातीचा गाळ रोलरमध्ये गेला तर ओल्या फडक्याने पुसायचं, नळाची धार मारायची नाही, धारेने गाळ आत जातो.

हे सगळं तुला माहीत आहे. रील बनवणाऱ्याला माहीत नसेल असं होत नाही. माहीत असून तू चौदाचा आकडा छापलास, कारण गावाकडचं पोरगं पहिल्यांदा रील घेताना मोजण्यासारखं दुसरं काही त्याच्याजवळ नसतं. मासा त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतो. मरळ कुठे बसते, शिंगाळा कधी चरायला निघतो, पहिल्या पुराच्या पाण्यात रोहू-कटला काठाला का येतात आणि तेव्हा त्यांना का सोडावं, पिल्लांच्या लालसर घोळक्याखाली राखण करणारी मरळ का मारू नये, हे तो आजाकडून शिकलेला असतो. त्याला फक्त यंत्र नवं असतं. तू त्या एकाच अज्ञानावर धंदा उभा केलास. जळगाव सोन्याचं गाव आहे. इथे बाया कसाला लावल्याशिवाय मणी घेत नाहीत. रीलचा कस त्यांच्या पोरांना अजून कोणी दाखवला नव्हता, म्हणून तुझं फावलं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे पेटीवर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. माल बाहेरचा असेल तर देशही. तू यातलं काहीच छापलं नाहीस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खरेदीदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मी दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. पुतण्याने बिल जपून ठेवलं आहे. धुळ्याच्या आयोगात अर्ज तोच देणार आहे, मी नाही; पैसे त्याचे होते.

मला तुझ्याकडून एकच वस्तू हवी आहे. मोडलेलं मुख्य चाक मी टाकलेलं नाही. त्याचे दाते मोजले, व्यास मोजला, पिनियनपासूनचं अंतर मोजलं. त्याच्या जागी पूर्ण दाते बसतील असं चाक तुझ्याकडे असेल तर पाठव. ड्रॅगमध्ये मी स्वतः ग्रीस भरीन, रोलरखाली बेअरिंग घालीन, स्पूलची कड घासून घेईन. शेजारच्या गल्लीतल्या दोन पोरांकडे अजून काठी आहे पण रील नाही, आणि ती रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारतात, ‘‘मिस्त्रीकाका, ते दुरुस्त झालं का?’’ मी त्यांना उद्या या म्हणतो. सहा आठवडे झाले.

एक मोटार-मिस्त्री, जळगाव